दहापैकी पाच

सोमवार, २२ डिसेंबर

उद्या उन्नती येणार. आमची नात, वय वर्षं आठ. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस इथे राहणार. राधिका, म्हणजे आमची सून (अजून कागदोपत्री सूनच), फोनवर म्हणाली, "बाबा, ती माझ्याशिवाय पहिल्यांदाच राहतेय. करमलं नाही तर मी लगेच न्यायला येईन. मे महिन्याच्या सुट्टीचं आत्ता विचारू नका. हे आठ दिवस कसे जातात ते बघू, मग ठरवू."

थोडक्यात, परीक्षा आमची आहे. आमचा मुलगा कौस्तुभ मस्कतला जाऊन बसलाय, त्यांच्या घटस्फोटाची केस ठाण्याच्या कोर्टात लोंबकळतेय, आणि दीड वर्ष आम्ही नातीचं तोंड मोबाईलवरच बघतोय. हे आठ दिवस फुकट गेले तर पोरगी आम्हाला अंतरली म्हणून समजायचं. याच्या नुसत्या विचाराने आज जेवण गेलं नाही.

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. एसटीत चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी कितीला सुटली, कितीला पोचली, उशीर का झाला, सगळं नोंदवायचो. तसाच तक्ता केलाय. किल्ला, नाताळचे गोठे, मॉल, समुद्र, घोडा, बालनाट्य, जत्रेतले पाळणे. प्रत्येकापुढे निघायची वेळ, परतायची वेळ, आणि शेवटचा रकाना 'उन्नतीचे गुण, दहापैकी'. पोरीला काय आवडलं ते लेखी राहील, आणि उद्या राधिकाने काही म्हटलंच तर आपल्याकडे कागद आहे. तक्ता फ्रिजवर चिकटवला.

यमुना कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, नात राहायला येतेय. डेपो तपासायला साहेब नाही येत."

हिला नियोजन म्हणजे काय ते कधी कळलंच नाही.


मंगळवार, २३ डिसेंबर

दहाचं ठरलं होतं, आले दहा चाळीसला. राधिकाने गेटपाशीच गाडी थांबवली, पोरीला उतरवलं. मी खाली उभाच होतो. बॅग हातात घेतली, "बरं" म्हटलं. ती जरा घुटमळली आणि त्याच गाडीने परत गेली. वर आली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. एवढा कसला तोरा म्हणतो मी! आजी वर पोहे करून बसलेली.

उन्नती उंच झालीय. कौस्तुभसारखीच मान वाकडी करून बघते. पण बोलणं म्हणाल तर एकच शब्द. दूध की बोर्नव्हिटा? "चालेल." पोहे देऊ? "चालेल." खिडकीपाशी झोपशील की आजीजवळ? "चालेल." पोरगी आहे की ग्रामपंचायतीचा शिक्का?

तक्ता दाखवला. एका पायावर उभी राहून तिने तो सगळा वाचला, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कुणाला दाखवणार?"

मी गमतीत म्हटलं, "सगळ्यांना! मम्मीला, पप्पांना. वेळ पडली तर जज्जसाहेबांनासुद्धा."

तिने मान हलवली. "चालेल" म्हणाली. तक्ता तिला आवडलेला दिसतोय.


बुधवार, २४ डिसेंबर

सकाळी वसईचा किल्ला. सगळा फिरवला, एक बुरूज सोडला नाही. चिमाजी आप्पांची मोहीम पहिल्यापासून सांगितली. पोरीने हूं की चूं केलं नाही, शहाणी आहे. परत येताना विचारलं, "बोल, दहापैकी किती?"

जरा विचार करून म्हणाली, "पाच."

मराठ्यांनी तिथे रक्त सांडलं आणि हिने पाच गुणांवर वाटेला लावलं. असो. तक्त्यात मांडले.

संध्याकाळी मात्र सगळं शेड्यूल बोंबललं. त्याचं असं झालं की सकाळीच मी तिला सांगून ठेवलं होतं, "आज संध्याकाळी गोठे बघायला जायचं हं, एक सोडून बारा." आमच्याकडे पश्चिमेला ख्रिस्ती गावांतून अंगणाअंगणात येशूजन्माचा देखावा करतात, त्याला सगळे गोठा म्हणतात. नाताळ आला की अख्खं विरार बायकापोरं घेऊन गोठे बघत हिंडतं. यात सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिला गोठा झाला, दुसरा झाला. दिवे, धबधबा, पेंढ्याचं छप्पर, बाळयेशू, प्लास्टरची मेंढरं. चौथ्यापाशी तिने माझी बाही ओढली. "आजोबा, खरी गाय कुठल्या गोठ्यात आहे?"

तिच्या पाठीवरच्या छोट्या बॅगेत डबा होता. त्यात दोन चपात्या आणि गुळाचा खडा. दुपारच्या जेवणातल्या चपात्या तिने खाल्ल्याच नव्हत्या, गाईसाठी ठेवल्या होत्या. मी खो खो हसलो. हसायला नको होतं. तिने डबा पटकन पाठीमागे घेतला आणि तिचे कान लाल झाले.

तो चौथा गोठा रिटाबाईंच्या अंगणातला होता. रिटाबाई आगाशीच्या बाजारात वाडीतली भाजी घेऊन बसतात, यमुनेची वीस वर्षांची ओळख. त्यांनी ऐकलं होतं. पोरीचा हात धरून म्हणाल्या, "ये बाय. आमच्याकडे दोन्ही गोठे हायत. हा देवाचा, मागचा गाईचा."

मागे खरोखरच गाय आणि वीस दिवसांचं वासरू. गाईने चपात्या खाल्ल्या, वासराने उन्नतीचा हात मनगटापर्यंत चाटला, आणि पोरगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा. रिटाबाईंची नात प्रिस्का, हिच्याहून दोन वर्षांनी मोठी, तिच्याबरोबर उन्नती पन्नास मिनिटं तिथेच बसून राहिली. आठ गोठे बघायचे राहिले ते राहिलेच. तक्त्यात लिहिलं: उशिराचं कारण, वासरू.

"याला किती गुण?"

"याला नको."

"म्हणजे शून्य?"

"नको म्हणजे नको," म्हणाली आणि आजीला जाऊन चिकटली. रकाना कोरा ठेवावा लागला. एसटीत असा कोरा रकाना ठेवला असता तर मेमो मिळाला असता.


गुरुवार, २५ डिसेंबर

सकाळी उठल्या उठल्या विचारते, "आज रिटाआजीकडे जायचं?" मी म्हटलं, बाळा, आज मॉल आहे, तिथली तिकिटं काढलीत. "चालेल."

मॉलमध्ये उड्या मारायच्या जाळ्या होत्या, लाल टोपीवाला सांताक्लॉज होता, बर्फाचं खोटं डोंगर-घर होतं. एवढी गर्दी की दिवाळीला डेपोत नसते. तिने सगळं केलं, सांगेल तसं केलं. गुण विचारले. पाच.

दुपारी कौस्तुभचा व्हिडिओ कॉल आला. तो लाडात येऊन विचारतो, "काय मग, मजा चाललीय ना? मम्मीकडे जास्त मजा येते की आजोबांकडे?" पोरगी हुशार. "सेम" म्हणाली आणि फोन आजीच्या हातात दिला. मला हसू आलं. यमुना मात्र फोन ठेवल्यावर म्हणाली, "किती विचाराल रे तुम्ही बापलेक तिला." कौस्तुभचा राग हिने माझ्यावर का काढावा?


शुक्रवार, २६ डिसेंबर

आज माझा तोल गेला. लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायची सवय नाही.

राजोडीच्या समुद्रावर नेलं. वाळूत किल्ला केला, बर्फाचा गोळा खाल्ला, घोड्यावर बसवलं. घोडेवाल्याने दोन चकरा मारून आणल्या. खाली उतरली तर हाताच्या मुठी घट्ट आवळलेल्या. मी म्हटलं, "काय ऐट होती ग तुझी! घोड्याला किती?"

"पाच."

मग माझं डोकं फिरलं. "किल्ल्यालाही पाच, मॉललाही पाच, घोड्यालाही पाच? तुला काहीच आवडत नाही का आमच्याकडचं? आम्ही इथे जिवाचं रान करतोय!" आवाज चढला असणार, कारण शेजारची माणसं बघायला लागली.

ती अगदी हळू म्हणाली, "सहा चालतील? पण मग मम्मीलापण सहा द्यावे लागतील."

आता मम्मीचा यात काय संबंध? गोळा खाऊन पोरगी बरळायला लागली असं वाटलं. तक्त्यात सहा मांडले.

घरी आल्यावर यमुनेला सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला परीक्षेला बसवलंत तुम्ही." मी म्हटलं, परीक्षा तिची नाही, आपली आहे. "मग पेपर ती का तपासतेय?" म्हणाली. हिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.


शनिवार, २७ डिसेंबर

सकाळपासून पोट दुखतंय म्हणून पडून आहे. ताप नाही, काही नाही. ओवा दिला, हिंग लावला. बालनाट्य हुकलं.

अकराला राधिकाचा फोन. उन्नतीने आजीच्या मोबाईलवरून तिला लावला होता. "बाबा, ती घरी यायचं म्हणतेय. उद्या रविवार आहे, मी चारपर्यंत येते." आवाजात भांडण नव्हतं, तेच जास्त लागलं.

संपलं. पाच दिवससुद्धा टिकलो नाही. मे महिना गेला, पुढचा गणपती गेला. कौस्तुभला काय सांगू? कुठे चुकलं ते कळत नाही. एकही कार्यक्रम हलका नव्हता. दुपारभर फ्रिजसमोर खुर्ची टाकून तक्ता बघत बसलो. पाच, कोरा, पाच, सहा. गाडी बंद पडली तर इंजिन तरी उघडून बघता येतं.


रविवार, २८ डिसेंबर, दुपारी

सकाळी यमुना मला न विचारता उन्नतीला रिटाबाईंकडे घेऊन गेली. "चारला पोरगी जाणार आहे. तेवढा वेळ तरी तिला वासराजवळ बसू दे," एवढंच म्हणाली. दहा वाजता मी आणायला गेलो.

रिटाबाईंच्या मागच्या अंगणात पोरींनी म्हातारा करायला घेतला होता. एकतीस तारखेला इकडे गल्लोगल्ली सरत्या वर्षाचा म्हातारा जाळतात, तो. जुनी पँट, फाटका शर्ट, आत पेंढा आणि रद्दी कोंबायची. मी गोठ्याच्या कुडाशी पोचलो तेव्हा आतून प्रिस्काचा आवाज आला, "तुझे आजोबा रोज काय लिहितात ग?"

"मी किती मार्क दिले ते. कोर्टात दाखवणार आहेत."

"मग सगळ्याला दहा देऊन टाक ना. आजोबा खूश."

"दहा दिले तर मम्मी रडेल," उन्नती म्हणाली. तिला एवढं बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. "तिकडे कोर्टात एक मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, मम्मीकडे किती आवडतं, पप्पांकडे किती. मी पप्पांना आठ दिले. त्यांनी सायकल आणली होती ना. मॅडमनी लिहून घेतलं. मग मम्मी घरी येऊन बाथरूममध्ये रडली, नळ सोडून. म्हणून मी आता सगळ्यांना पाच देते. पाच-पाच दिले की कुणी रडत नाही. पण आजोबांना पाच आवडत नाहीत. मग माझं पोट दुखतं."

"आणि आमच्या वासराला?"

"त्याला मी देणारच नाही. दिले तर तेपण लिहितील."

मी कुडाला धरून उभा राहिलो. आठ वर्षांचं पोर, आणि आम्हा चार मोठ्यांना सांभाळत बसलंय. आणि मी मूर्ख, समुद्रावर तिच्यावर ओरडलो. यमुनेला पहिल्या दिवसापासून दिसत होतं ते मला एकोणीस वर्षांच्या नोंदींतून दिसलं नाही.

तसाच घरी आलो. तक्ता काढला, परत गेलो, उन्नतीच्या हातात दिला. "हा घे. म्हाताऱ्याच्या पोटात घाल."

तिने तो उलटसुलट बघितला. "फोटो काढून ठेवलाय का?"

मोबाईल तिच्या हातात दिला. तिने सगळे फोटो सरकवून खात्री केली. मग तक्त्याचे चार तुकडे करून कोंबले. पण तोंडावर समाधान नाही.

"आणि ती वही? चहाच्या वेळेला लिहिता ती?"

"ती माझी खासगी आहे ग. ती कुणालाच दाखवत नाही."

"मॅडमपण म्हणाल्या होत्या, कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली आणि वासराकडे वळली.

आता दोन वाजलेत. राधिका चारला येणार. एकच उपाय सुचतोय आणि तो करायला धीर होत नाहीये, कारण या वहीत मी काय काय लिहिलंय ते मला माहीत आहे.


रविवार, २८ डिसेंबर, संध्याकाळी

राधिका चारला दहा कमी असताना आली. मी गेटवर गेलो. "वर चल" म्हटलं. तिने चमकून बघितलं.

उन्नती सोफ्यावर बॅग घेऊन बसलेली. तिच्यासमोरच मी ही वही राधिकाला दिली. म्हटलं, "बावीस तारखेपासून वाच. वाईटसाईट लिहिलंय तुझ्याबद्दल, तेही वाच. मग हवं तर वकिलाला दे. लपवण्यासारखं आता काही नाही." यमुनेच्या हातातली कपबशी तिथेच थांबली. उन्नती माझ्याकडे आणि मग आईकडे, आळीपाळीने बघत होती.

राधिका जेवणाच्या टेबलाशी बसून अर्धा तास वाचत होती. मी गॅलरीत फेऱ्या मारल्या. निवृत्तीच्या दिवशीही इतका घाबरलो नव्हतो. यमुनेने तेवढ्यात उन्नतीला कढीपत्ता आणायच्या निमित्ताने खाली नेलं.

वाचून झाल्यावर राधिका म्हणाली, "बाबा, तेवीस तारखेला तुम्ही 'वर ये' म्हणाला नाहीत. बॅग घेतलीत आणि 'बरं' म्हणालात. मी थांबले होते."

"चुकलं माझं," मी म्हणालो. खरंच चुकलं होतं. लिहिलं मीच होतं आणि वाचलं तिने.

मग तिने वहीच्या दुपारच्या पानावर बोट ठेवलं. "नळ सोडला होता मी. तिला ऐकू गेलं असेल असं वाटलंच नाही." आणि रडायला लागली. सुनेच्या डोक्यावर हात ठेवायचा की नाही ते मला कळेना. शेवटी ठेवला.

चहा होईपर्यंत आमचं ठरलं. वाद झाला नाही. उन्नतीला काही विचारायचं नाही, ठरवायचं ते मोठ्यांनी, आणि तिला नुसतं सांगायचं. कढीपत्ता घेऊन ती वर आली तेव्हा राधिकानेच तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "तू एकतीसपर्यंत इथे राहायचंस, मग मी न्यायला येणार. आणि मे महिन्यात पंधरा दिवस इथे यायचंस. आम्ही मोठ्यांनी ठरवलंय."

"मला विचारणार नाही?"

"नाही."

"कुठे जास्त आवडतं ते?"

"कध्धीच नाही. कुणीच नाही."

"पप्पापण नाही?"

"त्याला मी बघतो," मी म्हटलं.

पोरगी ग्लासभर पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, मला किल्ला आवडला नव्हता. पाय दुखले. तुम्ही फार वेळ सांगत होता."

मी म्हटलं, "बरं."

"घोड्याची भीती वाटली. मॉलमध्ये थंडी वाजत होती आणि त्या सांताक्लॉजला घामाचा वास येत होता. मी आठ वर्षांची आहे, मला बोर्नव्हिटा नको. आजी तोंड पुसते ते खूप जोरात पुसते. आणि मम्मी, तू डब्यात रोज तेच सँडविच देतेस, ते मी रियाला देऊन टाकते."

"रोज?" राधिकाने विचारलं.

"रोज."

माझ्या सगळ्या शेड्यूलची पोरीने वाट लावली. यमुना पदर तोंडाला लावून हसत होती, राधिका हसत होती, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

राधिका जेवायला थांबलीय, साडेआठला निघेल. मी आतल्या खोलीत हे लिहितोय आणि बाहेर उन्नतीच्या तक्रारी अजून चालूच आहेत. आता माझ्या घोरण्याचा विषय निघालाय. ती आवाज काढून दाखवतेय.